रकाना

ऐरोलीत रात्रीचे अडीच. पेनसिल्व्हेनियात
उन्हं कलताहेत.
"पक्ष कोणता, मॅडम?"
हत्ती, गाढव, की दोन्ही नकोत:
माझ्या पडद्यावर तीनच रकाने.

पलीकडची म्हातारी खोकते, मग हसते.
"मी गाढव. आमचे हे हत्ती.
बावन्न वर्षं एकाच गाडीतून जायचो
एकमेकांचं मत खोडायला.
मार्चमध्ये गेले.
आता माझं मत खोडायला घरात कुणी नाही."

छापील संवादात याला उत्तर नव्हतं.
मी "धन्यवाद" म्हटलं, गाढवावर टिचकी मारली.

सकाळी घणसोलीत
बाबा भिंतीवर चुना फासत होते,
मागचं चिन्ह पुसून नवं काढायला.
आत आईला विचारलं,
"तू कुणाला देतेस गं?"

"ह्यांना सांगू नकोस," म्हणाली
आणि चहा गाळत राहिली.