रुईकर

कलब्याच्या गोलचौकात
ऑक्टोबरात पेटुनिया लावायचे, मेमध्ये उपटायचे.
बारा हजार रोपं, सहा जण, एक टँकर.
लाल-जांभळी नक्षी, विमानातून दिसेल अशी.
मधमाशी मात्र मी तिथे पाहिली नाही.
दिवसभर वाकलेलाच असतो,
आली असती तर कानाशी कळलं असतं.

एका दुपारी पंपघराच्या खिडकीतून
म्हातारी आत आली.
पांढरी, रेशमी, पोटाशी तपकिरी बी,
ना पास, ना परवाना.
मुठीत धरली. पन्नाशीचा माणूस मी, तरी
फुंकर मारायला ओठ पुढे झाले.
मारली नाही.

क्लोरीनच्या निळ्या पिंपात वाळू भरून लावली.
सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, वर चिमूटभर युरिया.
बावीस वर्षं हेच तर करत आलोय.
दीड महिन्यात रोप मुळाशी कुजलं,
बोटानं हलवलं तर हातात आलं.

मग शुक्रवारी वादीत गेलो.
(आमची वाडी म्हणजे पंचवीस घरं आणि एक विहीर.
इथली वादी म्हणजे नदी, पाणी सोडून बाकी सगळी.)
गोट्यांत, फुटक्या टायरांत, डोंगराच्या सावलीबाहेर
रुई उभी होती. बकऱ्या तिला वळसा घालून जात होत्या.
वाटलं, अगं, तू?

आमच्या परड्यात होती एक.
शनिवारी गुरवांचा दामू पानं न्यायला यायचा,
मारुतीच्या माळेला.
अब्बा ओरडायचे, पिवळी कशाला नेतोस, चांगली घे.
काटा मोडला की तिचाच चीक
दामूच्या टाचेला, माझ्याही.
आणि कळ्या दाबून पट्‌ पट्‌ फोडायच्या,
तेवढ्यासाठी आम्ही दोघांनी मार खाल्लाय.

या वेळी पिंपाचा तळच कापला.
मूळ जाईल तिकडे जाऊ दे.
दोनदा पाणी घातलं, मग हात मागे घेतला.
हात मागे घ्यायचं काम
मला कुणी शिकवलं नव्हतं,
त्याचा पगारही नाही.

दुसऱ्या वर्षी फुलली.
जांभळ्या टोकांची, मेणाची असावीत अशी फुलं.
आधी काळा भुंगा आला, जनरेटरसारखा घोंघावत.
मग बारक्या मधमाश्या. मग एक फुलपाखरू,
वीटकरी, काठाला काळ्यावर पांढरे ठिपके.
सुमय्याला फोनवर दाखवलं. ती शिकलेली,
म्हणाली, अब्बा, हा रुईकर.
मी म्हटलं, म्हणजे कोल्हापूरकडचा!
याचा व्हिसा कुणी काढला?
ती हसली. मग म्हणाली, तुम्ही कधी येताय?
मी कॅमेरा भुंग्याकडे वळवला.

अळ्या झाल्या. पट्टेरी, खादाड.
निम्मी पानं जाळीदार.
शाजी सुपरवायझर म्हणाला, फवारून टाक.
पाठीवर टाकी घेऊन अर्धा तास फवारलं.
टाकीत पाणी होतं.

मग नगरपालिकेची इंजिनियर आली, मौझा.
पंपाचं मीटर बघायला, आणि हिच्यापाशीच थांबली.
शाजीचा चेहरा उतरला.
अश्खर! ती म्हणाली. हात डोळ्याला लावू नकोस हं,
आजी आम्हाला हिच्या जवळ जाऊ देत नसे.
आजोबांच्या वेळी हिच्या कोळशाची
बंदुकीची दारू व्हायची.
मी धीर करून विचारलं, चौकात लावू का चार?
ती बराच वेळ मीटरकडे बघत राहिली.
म्हणाली, नको. नकाशात पेटुनिया आहे.
ही राहू दे इथेच, रस्त्यावरून दिसत नाही तोवर.

मे आला. नक्षी उपटली, गोणींत भरली.
चौक भाजलेल्या तव्यासारखा.
पंपघरामागे ती अजून फुलतेय,
खालच्या फांदीला एक बोंड तडकलंय,
आत रेशीम ओळीनं निजलेलं.

रात्रपाळीला मी ते बोंड आत आणलं,
एक्झॉस्ट पंख्यासमोर धरून उकललं
आणि बटण दाबलं.
चौक तिकडेच आहे, वाऱ्याच्या दिशेला.
मी काही लावलेलं नाही.