माकुलाला हृदयं किती?

वेंगुर्ल्याच्या शाळेत सामान्यज्ञानाची अंतिम फेरी.
आजगावकर सरांच्या हातात पत्त्यांसारखे पिसलेले प्रश्न,
घंटा म्हणून स्टीलचं ताट आणि एक डाव.
गुण लिहायला मी, हातात सर्दावलेला खडू.

डचांची वखार कुठे होती?
सगळी बोटं एकदम खिडकीबाहेर.
सर म्हणाले, बोटांना गुण नाहीत, तोंडाने सांगा.

दशावतारात संकासुराचा वेष कोणत्या रंगाचा?
काळा, म्हणाला गुंडू,
आणि मान अशी काही हलवली
की परीक्षकांचा चष्माच घसरला.
ओवीला चरण किती, यावर मात्र
साडेतीन म्हणून हटून बसला.
कार्डावर चार.
"पण शेवटचा आखूड असतो ना, सर?"
मी फळ्यावर अर्धा गुण मांडला.
कुणी पुसला नाही.

मग शेवटचं कार्ड.
माकुलाला हृदयं किती?

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
दर्शना गिरपने टेबलाखाली बोटं मोजली,
मग वर केली.
"तीन."
ताट दणाणलं.

मागच्या बाकावर तिची आई,
बाजारातून तशीच आलेली,
टोपली दाराबाहेर,
नखांत माकुलाची काळी शाई.
टाळ्या विरल्यावर शेजारणीला म्हणाली,
"वीस वर्सां कापतंय गो,
कधी मोजूक नाय."

दुसऱ्या दिवशी बाजारात
तिच्यापुढे गिऱ्हाइकं ताटकळलेली.
सुरी बाजूला ठेवून
ती वाकून काहीतरी शोधत होती.
"दर काय गो?"
"रव जरा," मान वर न करता ती म्हणाली,
"दोन गावलीत."