डावीकडून येणारा आवाज

पहिल्यांदा इसाक मिस्त्रीनं लिंक रॉड बदलला,
दुसऱ्यांदा बुश,
आणि खोललंच आहे तर माउंटिंगही टाकून घेऊ म्हणाला.
सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला हिशोब :
चार हजार तीनशे. ग्रीसचे धरले नाहीत.
"आता नाई वाजत, डॉक्टरसायेब.
वाजली तं मिशी काढतो."

दारव्ह्याच्या स्टँडपासून पेट्रोलपंपापर्यंत
गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी वागली.
लाडखेडच्या अलीकडे, बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ
डांबरात अजून रुतून आहेत,
तिथं, दुसऱ्या गिअरमध्ये,
शेजारच्या रिकाम्या सीटखालून :
खट्.
मग जरा वेळानं, विचार करून,
पुन्हा खट्.

बायको म्हणते, रेडिओ लावा.
पुंजाराम, आमच्या दवाखान्याचा परिचर, म्हणाला,
नायट्रोजनचा कॅन हालत असंल.
कॅन उतरवला. लसीचा थर्मास उतरवला.
स्टेपनी, जॅक, कप्प्यातली चिल्लर,
सासऱ्यांनी बांधलेलं नारळ.
रिकामी गाडी जास्त स्पष्ट बोलली.

परत गॅरेज. तिथं ती गप्प.
इसाक बॉनेटवर भार देतो, सोडतो,
चाकाला लाथ मारतो, पान थुंकून येतो.
"कुठं हाय आवाज? दाखवा नं."
आवाज कसा दाखवतात?
मी तोंडानं काढला. खट्.
निंबाखाली टायरवर बसलेली पोरं हसली.
पुन्हा काढला, जरा खर्जात.
"भास हाय तुमचा. पुरी चेक केली मी.
गाडी अव्वल हाय."

अव्वल.
कुठं ऐकला होता हा शब्द
ते रात्री भाकरी मोडताना आठवलं.
ऐकला नव्हता. वापरला होता.
गेल्या गुरुवारी, बेबीताई कुमरेच्या गोठ्यात :
ताप एकशे एक पॉइंट पाच, नाडी बरोबर,
रवंथ करते, शेण ठीक.
अव्वल आहे तुमची गाय, म्हणालो,
कॅल्शियम दिलं, पावती फाडली.
"तसं नाई जी," ती म्हणाली,
"उतारावर थांबते. कन्हते."
मी म्हणालो, दाखवा.
ओढ्याच्या उतारावर नेली.
गाय शहाण्यासारखी उतरली,
वर वळून आमच्याकडे पाहिलं.
"आता नाई करून रायली," बेबीताई म्हणाली,
लाजून,
जणू लबाडी तिचीच पकडली गेली.

तिसऱ्या खेपेला इसाकनं बॉनेट उघडलंच नाही.
चपला काढल्या, डाव्या सीटवर बसला,
तळपाय पत्र्याला टेकवले.
"बोलू नका. चालवा."
रुळांवरून चार वेळा गेलो-आलो.
एक शेळीवाला आमच्या फेऱ्या मोजत उभा.
काही नाही.
गॅरेजवर उतरवलं, त्यानं पैसे घेतले नाहीत.
घेतले असते तर भांडता आलं असतं.

आणि परतताना, एकटा,
अर्थातच.
फोन लावला, स्पीकरवर टाकला,
सीटखाली सरकवला,
गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे.
खट्.
फोन बराच वेळ गप्प.
त्याच्या बाजूनं पाना पडल्याचा आवाज.
मग :
"हाय बॉ. हाय."

एवढंच. कुठं, कशानं, किती लागतील,
काहीच नाही.
तरी घरापर्यंत रेडिओ लावला नाही मी.

सकाळी गाडी त्याच्याकडे न्यायची होती.
आधी बेबीताईकडे गेलो.
गाईच्या डाव्या कोपरामागे मूठ रेटली, कान लावला.
बेबीताई काही विचारत नव्हती.
दावं सोडलं मी,
म्हणालो, चला उतारावर.
ती थांबेपर्यंत चालू.