अठ्ठावन्न टक्के

रे रोडला, पत्र्याच्या गाळ्यांच्या तिसऱ्या ओळीत
फरीद मणियारने अकरा मशिनं आणलीत,
भरतकामाची, जपानातून निवृत्त झालेली.
त्यांना दोनशे व्होल्टच पचतात
आणि मुंबई वाढते चारशे पंधरा.

म्हणून मी. म्हणून माझी वही.

"पंचाहत्तर केव्हीएचा बसवू, मॅडम. स्वस्तात पडेल."
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक आहे,
पण ट्रान्सफॉर्मरचं उलटं असतं, फरीदभाई.
आधी पाय मोजायचे.
नुसते आजचे नाहीत,
ईदआधीच्या रात्रपाळ्यांचे,
मे महिन्यात या पत्र्याखाली साचणाऱ्या बेचाळीस अंशांचे,
आणि त्या बाराव्या मशिनचे
ज्याबद्दल तुम्ही अजून घरीही बोलला नाहीत.
(तो हसला. म्हणजे आहे.)

फार मोठाही नको.
काम नसलेला ट्रान्सफॉर्मरसुद्धा खातो;
शटर पाडून सगळे गेले तरी
अंधारात आपलंच लोखंड शेकत बसतो
आणि मीटर फिरतो.

शंभरचा घेतला.

वाघधरेने जोडणी केली, खटका वर केला.
खटका पडला.
पुन्हा वर. पुन्हा पडला.
तिसऱ्यांदा टिकला, कारण न सांगता,
आणि ते जास्त वाईट.
"बिघाड नाही कुठे. डायरेक्ट करून टाकू?"

थांब, वाघधरे.
तो जागा होतोय.
झोपेतून उठलेलं लोखंड पहिला घोट
आठपट घेतं, कधी दहापट,
तू नेमक्या कोणत्या क्षणी हाक मारलीस त्यावर ते ठरतं.
डोळ्याची पापणी लवेपर्यंत निवळतंही.
तुझा ब्रेकर पाचपटीलाच बोंब ठोकतो.
त्याला धीर शिकवायचा,
आंधळं नाही करायचं.

बारक्या स्क्रूड्रायव्हरने पाचावरचा काटा दहावर नेला.
शेजारची दुसरी चकती, हळूहळू चढणाऱ्या तापाची,
तिला हात लावला नाही.
खटका वर. राहिला.
गाळाभर एक गुणगुण पसरली,
पितळी भांड्यावर बोट फिरवल्यासारखी.

फरीद पेढे आणायला माणूस पाठवणार तेवढ्यात
मी वही उघडली.
वरच्या बाजूला त्रिकोण आहे, खालच्या बाजूला तारा.
त्रिकोणाला मधला बिंदू नसतो.
ताऱ्याला असतो, तो मी तांब्याच्या पट्टीने
जमिनीशी बांधून घेतलाय, स्वतः उभी राहून.
तरी खाली एखादी तार सोलून मशिनच्या अंगाला लागली
तर वर तिची हाक अठ्ठावन्न टक्केच पोहोचते.
तीनच्या वर्गमुळाचा हिशोब आहे, कुणाची लबाडी नाही.
पण वरचा राखणदार तेवढ्यावर उठेलच, असं नाही.
खाली वेगळा ब्रेकर लागेल. गळती पकडणाराही.

"एक असताना अजून दोन?"

सात नंबरच्या मशिनखाली इस्राफिल चटई गुंडाळत होता.
तो सहज म्हणाला, हे मशिन जुन्या गाळ्यातही
बोटांना झिणझिण्या द्यायचं.
सांगितलं होतंस कुणाला?
सुपरवायझरला. त्याने मुनीमजींना. मुनीमजींनी शेठना.

फरीदने आठवून पाहिलं.
"हां... काहीतरी बोलला होता. आवाज करतं म्हणून."

मी काही म्हटलं नाही.
सात नंबरचं मागचं झाकण उघडायला लावलं.
सोललेली तार निघाली, नखाएवढी,
वर्षभर पत्र्याशी कुजबुजत असलेली.

पुढच्या शुक्रवारी गेले तेव्हा
खालचे दोन्ही ब्रेकर बसले होते, नव्या रंगाचा वास येत होता,
आणि ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवर, ऊब बघून,
कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.
श्वास घ्यायची जागा आहे ती, म्हटलं, काढा.
इस्राफिलने काढला.
बाजूला खिळा होता, त्यावर टांगला.

खिळ्याखालून केबल जात नाही ना,
हे मी वाकून पाहिलं.