राखण

ओगोलाने बॅटरी डोक्यावरून आणली,
ओल्या गोणपाटात गुंडाळून.
"मेली," म्हणाला,
आणि बाकावर ठेवताना मात्र हळू ठेवली.

अमावास्येला तीन रात्री उरल्यात.
चांदण्यात ओमेना दिव्याकडे फिरकत नाही.
बोटभर मासळी, पण गिऱ्हाईक काळोखाचीच.
रुसिंगाच्या किनाऱ्यावर धंदा म्हणजे हाच आठवडा,
आणि परवा भर सरोवरात त्याचे दिवे एकदम गेले.
जाळ्यापाशी जमलेला थवा
शेजारच्या होडीच्या उजेडाकडे निघून गेला.
तो पाहत बसला म्हणे. काळोखात काय पाहिलं, कोण जाणे.

झाकणाला आठ स्क्रू. सात निघाले.
आठव्याचं डोकं गंजाने खाल्लेलं, त्याला छिन्नी दाखवली.
आत चार सेल, निळे,
एका बाकावर दाटीने बसवलेल्या पोरांसारखे,
आणि त्यांच्यावर आडवा हा हिरवा बोर्ड:
कोणी किती प्यायचं, किती द्यायचं,
कधी पुरे म्हणायचं, सगळं याच्या हातात.

मीटर लावला. बाहेरच्या टोकांवर शून्य.
मग एकेक सेल.
तीन अठ्ठावीस. तीन सत्तावीस. तीन अठ्ठावीस.
शेवटचा तीन एकोणतीस.
"ओगोला, मेलं कुणीच नाही.
राखणदाराला भ्रम झालाय."

तिसऱ्या सेलची तार, शेवईएवढी,
टोकाशी हिरवी पडून तुटलेली.
पाणी शिरलं होतं. तोच हिरवा डाग बोर्डावरही उतरलेला.
एका घरातून हाकेला ओ आली नाही,
तर याने अख्ख्या गावाची वेस लावून घेतली.
कुंपण शेत खातं म्हणतात.
याने खाल्लं नाही काही.
घाबरून दार लावून बसला, इतकंच.

"काढून टाक ना तो," ओगोला म्हणाला. "थेट जोड.
आजची रात्र फक्त."

सिंडोच्या एकाला मी दिली होती थेट जोडून.
महिन्याभरात सेल पुरीसारखे फुगले.
पैसे परत मागायला तो आला नाही,
तेच जास्त लागलं.

ओबुराला म्हटलं, टॉर्च धर.
आधी बारीक तारांची जोडणी उपटायची, मग जाड काळी.
लावताना उलट: काळी आधी.
पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली,
उघडं लोखंड इथे चुकून आडवं पडलं
तर वेल्डिंगच.
कल्हईचा धूर डोळ्यांत जातो, पोरगं टॉर्च हलवतं.
"हलवू नकोस."
"नाही हलवत."
गेल्या वर्षी हा माझ्या खांद्याला होता.

खोचण्याआधी पुन्हा मोजायचं, पायरीपायरीने:
तीन अठ्ठावीस, सहा पंचावन्न,
नऊ त्र्याऐंशी, तेरा बारा.
हा पाढा चुकला की नवा बोर्डही गेला.
नाही चुकला. खोचलं.

टोकांवर शून्य.

ओगोलाने टोपी काढली, पुन्हा घातली.
ओबुरा माझ्याकडे बघायचं टाळत होता.
मीही जरा थांबले, खरं सांगते,
मग आठवलं:
नवा राखणदार झोपलेलाच येतो.
चार्जरचं टोक नुसतं टेकवायचं,
उठ बाबा, म्हणायचं.
मीटर तेरावर चढला. आवाज नाही, काही नाही.

जुना बोर्ड मी खणात टाकला.
फेकवत नाही. त्याचं चुकलं म्हणावं,
तर त्याला जे दिसलं त्यावर तो वागला.

ओगोलाने पैसे मोजले, दोनशे बाकी ठेवले,
मासळी मिळाली की देईन.
बॅटरीला हात लावून म्हणाला, जड आहे,
पोराला पाठव ना सोबत.

पोराला पोहता येतं.
मला माहीत नाही, असं त्याला वाटतं.

"होडीपर्यंत," मी म्हटलं.
दोघांनी दोन बाजूंनी धरली
आणि उतारावरून निघाले, पावलं जुळत नव्हती.
मी कल्हईची सळई बंद केली.
ती थंड व्हायला वेळ लागतो,
तेवढा वेळ दारात उभी राहिले.
पाण्यावर एक दिवा लागला, मग दुसरा,
कोणता कुणाचा, इथून कळत नाही.