तासाचं नाम

सेलू, सकाळचे दहा चाळीस.
मुनीरभाई दाराशी दोन मस्टर घेऊन बसतात.
एक कापडी बांधणीचं, परमनंटांचं.
दुसरी साधी शंभर पानी वही,
वर शाळकरी पोरांसाठी छापलेलं : नाव, इयत्ता, तुकडी.
नावापुढं कुणीतरी लिहून ठेवलंय : तासिका.
मी त्या वहीत सही करते.
बारा वर्षं झाली. इयत्ता तीच.

आठवड्याला नऊ तास.
दहावा घेतला तर तो माझा छंद.
जयंती आली, तास गेला.
पुण्यतिथी आली, तास गेला.
बंद झाला, युवक महोत्सव झाला,
नॅकची समिती आली तेव्हा मात्र
आम्हालाही खुर्च्या दिल्या,
डोकी मोजायची होती.
ऑगस्टचं बिल फेब्रुवारीत निघतं.
तोवर दुपारी मानवतला दुसरं कॉलेज,
तिथली वही दोनशे पानी आहे, एवढाच फरक.

माझ्या वरच्या ओळीत मुंजाजी खिल्लारे सही करायचा.
नांदेडची पीएचडी, सही अशी की बघत राहावी.
परमनंट जागेच्या मुलाखतीत त्याला
इंग्रजीतलं काहीच विचारलं नाही.
शेत किती आहे, एवढंच विचारलं.
नव्हतं.
मग तो थायलंडला गेला, तिथल्या एका विद्यापीठात,
आणि प्राचार्यांनी सूचना फलकावर
त्याच्या अभिनंदनाचा कागद लावला.

रात्री त्याचे आवाज येतात फोनवर, तुकड्या-तुकड्यांनी :
पगार महिन्याच्या महिन्याला होतो गं,
पहिल्यांदा झाला तेव्हा मी दोनदा बँकेत जाऊन आलो.
टाय बांधावा लागतो. पोरं हात जोडून वाकतात.
मिरची आपल्याहून जहाल, ज्वारी नाही.
दर नव्वद दिवसांनी ऑफिसात जाऊन सांगायचं
की मी अजून इथंच राहतो, त्याच घरात.
करार वर्षाचा. नोकरी गेली की व्हिसा गेला.
शेजारच्या टेबलावर एक गोरा पोरगा आहे, स्वभावानं चांगला,
हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा केलेला,
त्याला माझ्या दीडपट.
कामून, म्हणून विचारलं मी साहेबांना.
ते हसले. म्हणाले,
तो ज्या भाषेत रडला जन्मल्यावर, त्याचे ते पैसे.

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

आज बी.ए. पहिल्या वर्षाला गणनीय, अगणनीय नामं होती.
फळ्यावर लिहिलं : इंग्रजीत तास मोजता येतो,
पैसा मोजता येत नाही.
मागच्या बाकावरून वालूरचा अंबादास उठला,
बापाच्या तराजूशी दर बाजारी बसणारा.
मॅडम, हे उलटं हाय.
पैसा तर लोक मोजूनच घेतेत, दोन-दोन बार.
तासाचं कोण मोजतंय?

वर्ग हसला. मी पण हसले.
खरं तर हा नियम मला नीट समजावता येतो,
नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, पैसा हे भाववाचक वगैरे,
बारा वर्षं समजावतेय.
आज खडू हातात धरून म्हटलं,
परीक्षेत मात्र असंच लिहा.

तास संपल्यावर फोन पाहिला.
मुंजाजीचा नवा तुकडा, सात सेकंदांचा :
जूनपासून तुझ्याकडं एखादी तासिका निघेल का गं,
अर्धी असली तरी चालेल.

नऊचे साडेचार होतात.
हिशोब मला लगेच जमला, हे मला आवडलं नाही.
मानवतची गाडी लागली होती.
मुनीरभाई वही मिटता मिटता म्हणाले,
मॅडम, पान संपत आलं,
पुढच्या पानावर रकाने आखून देता का,
तुमची रेघ सरळ येते.

किती आखू, मी विचारलं.