सुटे

दाजी पेठेतल्या किराणावाल्यानं
दहाचं नाणं एका बोटानं परत सरकवलं.
"चालत नाही ओ इकडं."
इकडं म्हणजे कुठपासून कुठपर्यंत
हे नायनांनी विचारलं नाही.
घरी येऊन ते डब्यात टाकलं,
शेंगाचटणीच्या,
ज्याच्या झाकणाला अजून लसणाचा वास होता.

डब्यात आधीचे बरेच होते.
कमळाचे पिवळे वीस पैसे,
नागमोडी काठाचे दहा,
चौकोनी पाच, फुंकर मारली तर उडतील असे,
गेंड्याचे चार आणे,
आणि अम्माच्या विड्यांच्या मजुरीतून
दर आठवड्याला उरलेली मोड.

नायनांनी एकतीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली.
भोक म्हणजे धागा वर.
भोक नाही म्हणजे धागा खाली.
एवढ्या दोन शब्दांत त्यांनी मोर उठवले,
हत्ती, वेल, देवळाची शिखरं,
आणि ते सगळे
कुठल्या कुठल्या गावांत लोकांच्या अंगावर झोपले.
आमच्या घरी आली ती सेकंडची चादर.
तिच्यातल्या मोराला एकच पाय.

मग कॉम्प्युटर आला. नायना घरी आले.

मे महिना, पत्रा तापलेला, लाइट गेलेली.
माळ्यावरनं त्यांनी माझा जुना कॅरम काढला,
ग्राफपेपर पसरला, पेन्सिलीला थुंकी लावली.
मी चिंचेच्या पाण्यात नाणी भिजवली,
जुन्या ब्रशनं घासली.
काळ्याखालून निघालेलं पिवळं बघून
अम्मा म्हणाली, "हे आधीच घासलं असतं तर खपलं असतं की."

फेव्हिकॉल धरेना.
दोन ट्यूबांचा गोंद आणला, आगकाडीनं कालवला.
नायना एकेक नाणं डोळ्याजवळ नेत,
छाप की काटा नाही,
रंग बघत.
पिवळी पाचं मानेला, स्टीलची पोटाला,
हलके पाच पैसे तुऱ्याला.
किराणावाल्यानं नाकारलेलं दहाचं, दोन धातूंचं,
डोळ्याला.
तिथं ते असं बसलं
जणू टांकसाळीतनं त्यासाठीच निघालं होतं.

बघायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा,
"किती रुपये लागले असतील?"
मी गुपचूप मोजलं होतं.
सहाशे तेरा रुपये पन्नास पैसे,
त्यातले बाजारात चालतील असे चारशेसुद्धा नाहीत.
सांगितलं नाही.

भिंतीवर लावायला गेलो
तर खिळा गिलाव्यासकट बाहेर आला.
मोर जड झाला होता.
मग तो कपाटाला टेकून जमिनीवरच राहिला,
शिलाई मशीनच्या शेजारी,
चार कोपऱ्यांच्या चार खिशांसकट.

श्रावणात एका रात्री अम्माच्या कुशीत कळ उठली.
रिक्षा दारात, अम्मा उंबऱ्यावर वाकलेली,
आणि घरात सगळ्या पाचशेच्या नोटा.
सिव्हिलच्या खिडकीवर सुटेच लागतात,
हे आम्हाला मागच्या वेळेपासून माहीत.
मी नायनांकडे बघितलं.
त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर दिला
आणि स्वतः तोंड फिरवून चपला शोधू लागले.

पिसाऱ्यातली दोन पाचं उचकटली.
टक्, टक्.
खिडकीतल्या माणसानं पाठीवरचा गोंद नखानं खरवडला,
माझ्याकडे बघितलं,
नाणी गल्ल्यात टाकली.
चालली.

मुतखडा निघाला. चौथ्या दिवशी अम्मा घरी.
डब्यात पाचं होती, गोंदही उरला होता.
"लावून टाकू का?" मी म्हणाले.
नायना ग्राफपेपरची घडी घालत होते.
"राहू दे. भोक आहे.
भोक म्हणजे धागा वर."

अम्माला तेव्हा काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
ती मोरापुढं मांडी घालून बसली होती,
सूप मांडीवर, पानं ओली,
आणि दोन विड्यांच्या मधे
त्या दोन गोल खुणांवरनं
तंबाखूचं बोट फिरवून घेत होती.